एक क्वेरी, चार डेटाबेस

एकच क्वेरी दोन वेगळ्या डेटाबेसांवर चालवली की तीनपैकी एक गोष्ट घडते. दोन्हीकडे तेच उत्तर येते. किंवा दुसरा डेटाबेस एरर देऊन थांबतो. किंवा दोन्हीकडे क्वेरी बिनतक्रार चालते आणि उत्तरे मात्र वेगळी येतात. वेब अ‍ॅपच्या क्वेरी अनेक डेटाबेसांवर चालतील अशा करण्याच्या कामात वेळ जातो तो दुसऱ्या प्रकारात आणि नुकसान होते ते तिसऱ्या प्रकारात. एरर दिसते, म्हणून दुरुस्त होते. चुकीचे उत्तर पडद्यावर नीटनेटके उमटते आणि महिनोन्महिने तसेच राहते.

या फरकांचे कारण इतिहासात आहे. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले. त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यावर ‘सीक्वेल’ नावाची भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल झाली. अमेरिकन मानक संस्थेने तिचे पहिले प्रमाण १९८६ मध्ये काढले, तेव्हा ओरॅकल बाजारात येऊन सात वर्षे झाली होती. भाषा आधी रुळली आणि व्याकरण मागाहून लिहिले गेले. शंभर ओळींपैकी पहिल्या वीसच हव्यात, ही वेब अ‍ॅपची रोजची गरज. तिच्यासाठी ‘फेच फर्स्ट’ हा शब्दप्रयोग प्रमाणात आला तो २००८ मध्ये. तोवर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसने ‘लिमिट’, एसक्यूएल सर्व्हरने ‘टॉप’ आणि ओरॅकलने ‘रोनम’ अशा वाटा पाडून टाकल्या होत्या.

पुढील विवेचनाला आधार आहे तो मराठी वाचनालयांसाठी लिहिलेल्या एका अ‍ॅपचा. सभासद, पुस्तके, देवघेव आणि दंड एवढाच त्याचा संसार. पीएचपीत लिहिलेले, मायएसक्यूएल ५.५ च्या काळातले. पुढे एका संस्थेकडे पोस्टग्रेस निघाला, दुसरीकडे ओरॅकलचा परवाना आधीच घेतलेला होता, तिसरीकडे सगळा कारभार एसक्यूएल सर्व्हरवर. संस्थेचा बॅकअप, तिचा डीबीए, तिचे परवाने ठरलेले असतात. एका वाचनालयाच्या अ‍ॅपसाठी ते कोणी बदलत नाही. बदलायच्या त्या क्वेरीच.

पहिल्या आठवड्यात येणाऱ्या एरर सरळ असतात. मायएसक्यूएलमध्ये टेबलांची नावे बॅकटिकांत लिहिण्याची सवय असते; पोस्टग्रेस आणि ओरॅकलला दुहेरी अवतरण लागते, एसक्यूएल सर्व्हरला चौकटी कंसही चालतो. नावे साधी, छोट्या लिपीत, राखीव शब्द टाळून ठेवली तर अवतरणांची गरजच उरत नाही, आणि हाच मार्ग चांगला. ‘लिमिट २०, १०’ ही स्वल्पविरामाची लकब पोस्टग्रेस नाकारतो, त्याला ‘लिमिट १० ऑफसेट २०’ हवे. ‘चालू = १’ अशी अट पोस्टग्रेसच्या बूलियन कॉलमवर चालत नाही, कारण तिथे खरे-खोटे हा आकडा नसतो. ओरॅकलमध्ये १२.२ आवृत्तीच्या आधी कोणत्याही नावाला ३० बाइटांची मर्यादा होती, त्यामुळे लांबलचक इंडेक्सनावे कापावी लागली. हे सगळे कंटाळवाणे आहे, पण धोक्याचे नाही.

अवतरणाचाच एक प्रकार मात्र गंभीर आहे. जुन्या कोडमध्ये क्वेरी मजकूर जोडजोडून तयार होत असे आणि गोव्यातला एखादा डि’सोझा सभासद झाला की त्याच्या नावातल्या एकेरी अवतरणाआधी बॅकस्लॅश घालून वेळ मारून नेली जाई. मायएसक्यूएलला तो बॅकस्लॅश कळतो. पोस्टग्रेस ९.१ पासून नेहमीच्या मजकुरात बॅकस्लॅशला विशेष अर्थ देत नाही; तिथे अवतरण दोनदा लिहावे लागते. म्हणजे जे संरक्षण वाटत होते ते तिथे उरतच नाही, आणि आडनावामुळे एरर येते त्याच फटीतून बाहेरचा माणूस स्वतःची क्वेरी घुसवू शकतो. यावर एकच उपाय पुरेसा आहे: किंमत कधीही मजकुरात जोडायची नाही, पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवायची. प्रश्नचिन्ह, डॉलरचा आकडा की अपूर्णविरामाचे नाव, हे ड्रायव्हरप्रमाणे बदलते. ते एका ठिकाणी सांभाळता येते. बाकी काहीही मागे ठेवावे, हे काम मागे ठेवू नये.

आता न बोलणारे फरक. पोस्टग्रेसवर अ‍ॅप सुरू झाल्यावर काही दिवसांत ग्रंथपालाच्या टेबलावर तक्रार आली की जुने सभासद सापडत नाहीत. रोमन लिपीत नोंदलेले ‘देशपांडे’ आडनाव छोट्या अक्षरांत शोधले की यादी रिकामी येई. मायएसक्यूएलचे नेहमीचे कोलेशन लहान-मोठे अक्षर एकच मानते. पोस्टग्रेस मानत नाही. शोध रिकामा आला म्हणून काउंटरवरच्या माणसाने तो सभासद नवा समजून पुन्हा नोंदवला, आणि एका माणसाची दोन खाती झाली. ईमेलच्या कॉलमवर युनिक अट होती, पण तीही अक्षरभेद पाळणारी झाल्यामुळे तिने दुसरे खाते अडवले नाही. शब्दाच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागेचेही तसेच: मायएसक्यूएलची जुनी कोलेशने तुलना करताना ती सोडून देतात, पोस्टग्रेस धरतो. ‘आयलाइक’ वापरून अक्षरभेद झाकता येतो, पण तो शब्द पोस्टग्रेसचा, इतरांचा नव्हे. टिकाऊ उपाय म्हणजे शोधासाठी वेगळा कॉलम ठेवणे आणि त्यात नाव आधीच छोट्या लिपीत, कडेच्या जागा छाटून भरणे. मग तुलना साध्या बरोबरीच्या चिन्हाने होते आणि चारही डेटाबेस तेच सांगतात.

देवनागरीत हा प्रश्न आणखी खोल जातो. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्यावे. त्यातला ‘ऱ’ काही कीबोर्ड युनिकोडचे एकच अक्षर म्हणून टाकतात, काही ‘र’ आणि नुक्ता मिळून, तर काही ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच. युनिकोडच्या नियमांवर बेतलेल्या कोलेशनमध्ये ही तिन्ही रूपे एकच ठरू शकतात. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत बाइट वेगळे म्हणजे शब्द वेगळे. पहिली दोन रूपे युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो, कारण अदृश्य चिन्ह ते सामान्यीकरण काढत नाही. हे काम डेटाबेसवर सोपवले की प्रत्येक डेटाबेस आपापल्या पद्धतीने करतो. म्हणून ते अ‍ॅपच्या दारातच, मजकूर आत येताना, एकदाच करावे.

लांबीचा हिशेबही वेगळा. मायएसक्यूएलमध्ये ५० चा कॉलम म्हणजे ५० अक्षरे. ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर ५० बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात हलन्त आणि मात्रा धरून १० चिन्हे आहेत, ‘कुलकर्णी’त ८. मधली मोकळी जागा धरून पूर्ण नाव १९ चिन्हांचे, पण ५५ बाइटांचे. ओरॅकलने ते नाकारले आणि एररमध्ये आकडेही छापले: प्रत्यक्ष ५५, मर्यादा ५०. रोमन नावांवर तपासलेले अ‍ॅप अशा वेळी पहिल्याच मराठी सभासदापाशी अडते. उपाय सोपा आहे, कॉलम जाहीर करताना लांबीपुढे ‘कॅर’ लिहायचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चूक गप्प बसते. तिथे मजकुराआधी ‘एन’ हे अक्षर राहिले, किंवा कॉलम एनव्हारकॅरऐवजी व्हारकॅर ठेवला, तर कोलेशन यूटीएफ-८ चे नसल्यास नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठवली जाते. मूळ नाव परत मिळण्याचा मार्ग नाही; सभासदाचा कागदी अर्ज शोधावा लागतो.

क्रमाबद्दल दोन गोष्टी. पहिली वर्णमालेची: युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या पाठोपाठ आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. नुसत्या कोडक्रमाने लावलेल्या सूचीत ‘काळ’ हा ‘काशी’च्या आधी येतो आणि छापील सूची वापरणाऱ्या वाचकाला तो भलत्या जागी वाटतो. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयूची कोलेशने मिळतात, त्यांत मराठीचा क्रम निवडता येतो. इतरत्र क्रमाची किल्ली अ‍ॅपमध्ये तयार करून कॉलमात साठवणे हाच खात्रीचा मार्ग.

दुसरी गोष्ट नलची. परत न आलेल्या पुस्तकाची परतीची तारीख नल असते. यादी त्या तारखेने चढत्या क्रमाने लावली की मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर नल आधी दाखवतात, पोस्टग्रेस आणि ओरॅकल शेवटी. पानावर वीस ओळी. मायएसक्यूएलवर पहिल्या पानावर सगळी थकलेली पुस्तके दिसत. पोस्टग्रेसवर ती शेवटच्या पानावर गेली, आणि पहिले पान पाहून कोणालाही वाटावे की वाचनालयातले प्रत्येक पुस्तक वेळेवर परत येते. ‘नल्स फर्स्ट’ हा प्रमाणातला उपाय मायएसक्यूएलला आणि एसक्यूएल सर्व्हरला कळत नाही. ‘केस’ लिहून नल असल्यास शून्य, नसल्यास एक, असा आधीचा क्रम द्यावा. चारही ठिकाणी चालतो. आणि जिथे ‘ऑर्डर बाय’ लिहिलेलेच नाही, तिथे क्रमाची अपेक्षाच धरू नये. मायएसक्यूएलचे इनोडीबी बहुधा प्राथमिक किल्लीच्या क्रमाने ओळी देते, म्हणून ती उणीव लपते. पोस्टग्रेस ओळ बदलताना तिची नवी प्रत लिहितो; एखाद्या सभासदाचा पत्ता दुरुस्त केला की तो यादीत तळाला जाऊन बसतो. ओरॅकलचा जुना ‘रोनम’ तर क्रम लावण्याआधीच ओळी मोजतो: आधी कोणत्याही वीस घेतो, मग त्या वीस नीट लावून दाखवतो.

पैशाच्या हिशेबातली चूक सर्वांत आधी पकडायला हवी, आणि तीच सर्वांत उशिरा सापडली. दंड आठवड्यावर होता: उशिराच्या दिवसांना सातने भागायचे आणि वरचा पूर्णांक घ्यायचा. दहा दिवस उशीर म्हणजे मायएसक्यूएलमध्ये १.४३, वर नेऊन दोन आठवडे. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना अपूर्णांक टाकून देतात. तिथे उत्तर एक, वर नेऊनही एकच. ओरॅकल मायएसक्यूएलसारखा वागतो. कुठल्याही सभासदाने तक्रार केली नाही, कारण दंड कमी लागत होता. सात ऐवजी ७.० लिहिणे एवढीच दुरुस्ती होती. ‘डेटडिफ’ या एकाच नावाच्या फंक्शनला मायएसक्यूएल आधी नंतरची तारीख मागतो, एसक्यूएल सर्व्हर आधी सुरुवातीची, तेही एकक सांगून. त्यामुळे दिवसांची वजाबाकी अ‍ॅपच्या भाषेतच केलेली बरी.

दोन उभ्या रेघांनी मजकूर जोडणे हे प्रमाण एसक्यूएल. मायएसक्यूएलमध्ये त्या रेघांचा नेहमीचा अर्थ ‘किंवा’. नाव आणि आडनाव जोडायला गेले की पूर्ण नावाच्या जागी शून्य छापले जाते. ‘कॉन्कॅट’ वापरले तर मायएसक्यूएलमध्ये मधले नाव नल असल्यास सगळे नावच नल होते, पोस्टग्रेसमध्ये नल नुसते गळते. ओरॅकल त्याही पुढे जातो: त्याच्या लेखी रिकामा मजकूर आणि नल एकच. ‘मधले नाव रिकामे नाही’ ही अट तिथे एकही ओळ देत नाही. शिक्षणक्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या मूडल या अ‍ॅपने यासाठी ओरॅकलच्या ड्रायव्हरमध्ये रिकाम्या मजकुराऐवजी एक मोकळी जागा साठवण्याची युक्ती केली होती. देखणी नाही, पण ती एकाच फाइलीत होती आणि बाकीच्या हजारो क्वेरींना तिचा पत्ता नव्हता. याच कारणासाठी ती चांगली.

‘ग्रुप बाय’च्या बाबतीत कडक डेटाबेस उपकारकच ठरतो. मायएसक्यूएल ५.७ च्या आधी, प्रत्येक सभासदामागे पुस्तकांची संख्या मागताना सोबत नुसती ‘नेल्याची तारीख’ही मागता येई, आणि गटातली कोणतीही एक तारीख मिळे. पोस्टग्रेस ते चालवूनच घेत नाही. त्या एररमुळे पहिल्यांदा विचारले गेले की अहवालात तारीख नेमकी कोणती हवी. शेवटची, असे ग्रंथपालांनी सांगितले. तोवर छापलेल्या अहवालांत ती शेवटचीच होती याची कसलीही हमी नव्हती.

माहिती स्थलांतरित करताना क्रमांकांनी मोठा घोळ घातला. मायएसक्यूएलमधून सभासद त्यांच्या जुन्या क्रमांकांसह पोस्टग्रेसमध्ये भरले गेले. मायएसक्यूएलचा आपोआप वाढणारा क्रमांक भरलेल्या ओळी पाहून पुढे सरकतो. पोस्टग्रेसमध्ये तो क्रम सीक्वेन्स म्हणून वेगळा राहतो आणि हाताने घातलेल्या क्रमांकांची त्याला खबर नसते. तो एकवरच उभा होता. गंमत नव्हे तर दुर्दैव असे की क्रमांक १ ते ३ चे सभासद कधीकाळी काढून टाकलेले होते, म्हणून चाचणीत घातलेले तीन नवे सभासद सुरळीत नोंदले गेले. चौथ्याला एरर आली. तोवर क्रमांक २ चा नवा सभासद मागच्या क्रमांक २ ने कधीच परत न केलेल्या दोन पुस्तकांचा धनी झाला होता, कारण जुन्या टेबलांत फॉरेन की नव्हत्या आणि देवघेवीच्या अनाथ ओळी तशाच आल्या होत्या. स्थलांतराच्या स्क्रिप्टची शेवटची पायरी म्हणून प्रत्येक सीक्वेन्स त्या टेबलातल्या सर्वांत मोठ्या क्रमांकावर नेऊन ठेवायचा, आणि त्याआधी अनाथ ओळी मोजून त्यांचा निकाल लावायचा, हा धडा एका दुपारी मिळाला.

‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ या कामाला प्रत्येकाचे वेगळे वाक्य आहे: मायएसक्यूएलचे ‘ऑन ड्युप्लिकेट की अपडेट’, पोस्टग्रेसचे ९.५ पासूनचे ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरचे ‘मर्ज’. मायएसक्यूएलचा ‘रिप्लेस’ सोपा दिसतो, पण तो जुनी ओळ पुसून नवी घालतो, आणि पुसताना कॅस्केडने जोडलेल्या ओळीही जातात. आधी घालून पाहायचे आणि एरर आली तर बदलायचे, ही पद्धत ट्रान्झॅक्शनमध्ये मायएसक्यूएलवर चालते. पोस्टग्रेसवर एक एरर आली की ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. मधे सेव्हपॉइंट ठेवावा लागतो.

एवढ्या फरकांवर जागोजागी ‘हा डेटाबेस असेल तर’ अशा अटी लिहीत गेले की थोड्या दिवसांत कोणालाच कोड वाचवत नाही. मूडलने २००६ मध्ये १.७ आवृत्तीत टेबलांची व्याख्या एक्सएमएलमध्ये लिहून प्रत्येक डेटाबेससाठी त्यातून हुकूम तयार करण्याची पद्धत आणली, आणि मजकूर जोडणे, ‘लाइक’ची तुलना अशा मोजक्या ठिकाणी फंक्शने दिली. क्वेरी लिहिणारा ‘जोड’ एवढेच म्हणतो. रेघा, अधिक चिन्ह की ‘कॉन्कॅट’, हे ड्रायव्हर ठरवतो. हायबरनेट आणि एसक्यूएलअल्केमीमध्ये अशा थराला ‘डायलेक्ट’, म्हणजे बोली, असेच नाव आहे. वाचनालयाच्या अ‍ॅपमध्ये असा थर लिहिला तेव्हा त्यात अवघी अकरा फंक्शने निघाली. क्वेरी शेकड्यांनी होत्या, वेगळेपण अकराच. ओआरएम वापरला तर यातले बरेच आयते मिळते. पण दंडाची भागाकाराची क्वेरी किंवा हाताने लिहिलेला अहवाल त्याच्या कक्षेबाहेरच राहतो, आणि चुका नेमक्या तिथेच असतात.

प्रत्येक अ‍ॅपने हा खटाटोप करावा असे मात्र नाही. वर्डप्रेस मूळ रूपात मायएसक्यूएल आणि मारियाडीबीवरच राहिला आणि त्याचे काही अडले नाही. ज्याचा सर्व्हर आपल्याच हातात आहे त्याने एक डेटाबेस निवडून त्याची पूर्ण ताकद वापरावी. दुसऱ्याच्या यंत्रावर जाऊन बसायचे असेल तरच हे कष्ट घ्यावेत, आणि घ्यायचे तर पहिल्या महिन्यात. पाचशे क्वेरी झाल्यावर तेच काम कितीतरी पटींनी वाढते.

चाचण्या प्रत्येक खऱ्या डेटाबेसवर चालवाव्या लागतात. वेगासाठी त्या एसक्यूलाइटवर चालवण्याचा मोह होतो, आणि तिथे सगळे हिरवे दिसते. एसक्यूलाइट जाहीर केलेली लांबी पाळत नाही, आकड्याच्या कॉलमात मजकूर घेतो, आणि फॉरेन की चालू करायला सांगितल्याशिवाय तपासत नाही. ५५ बाइटांचा ज्ञानेश्वर कुलकर्णी तिथे निर्धास्त आत जातो. नमुन्याची माहितीही मुद्दाम अडचणीची हवी: तीन प्रकारे टाइप केलेले कऱ्हाडे, अवतरण असलेले डि’सोझा, मधले नाव नसलेला सभासद, शेवटी मोकळी जागा राहिलेले आडनाव, परत न आलेले पुस्तक आणि बरोबर दहा दिवसांचा उशीर. या सहा नमुन्यांनी जेवढ्या चुका दाखवल्या तेवढ्या दहा हजार सरळ ओळींनी दाखवल्या नसत्या.

काही भाग शेवटपर्यंत एक होत नाही. पुस्तकांच्या मजकुरातला पूर्ण शोध चारही डेटाबेसांत इतका वेगळा आहे की त्याला समान रूप देण्याच्या प्रयत्नात सर्वांत दुबळे रूप हाती येते. त्यासाठी चार स्वतंत्र फाइली ठेवल्या गेल्या, प्रत्येकीत त्या डेटाबेसच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेला शोध, आणि चौघींना एकच चाचणी: ‘कऱ्हाड’ असे शोधले की त्या गावाच्या इतिहासाचे पुस्तक पहिल्या पानावर आले पाहिजे.